डीएसडी आणि २४/१९२ एकाच डॅकवर: नेमकं काय वाजतंय ते कसं ओळखायचं?

तानपुरा९६

नमस्कार मंडळी. एकाच रेकॉर्डिंगच्या दोन फाइल्स घेतल्या आहेत. एक २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फ्लॅक (काही न गमावता दाबलेली फाइल). दुसरी डीएसडी६४ची (एका बिटाच्या वेगवान प्रवाहाची), डीएसएफ प्रकारातली. विंडोज लॅपटॉपवर फूबार२००० हा प्लेअर, तिथून यूएसबीने डेस्कटॉप डॅक (डिजिटलचं ॲनालॉग करणारं यंत्र, चिप एके४४९३), पुढे ॲम्प्लिफायर. त्याच डॅकला जुना एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) प्लेअर ऑप्टिकल केबलने जोडलेला आहे.

डीएसएफ लावली की डॅकच्या डिस्प्लेवर डीएसडी न येता ८८.२ येतं, आणि आवाजही फ्लॅकपेक्षा स्पष्ट कमी असतो. सेटिंगमध्ये डीओपी (डीएसडी पाठवण्याची एक पद्धत) निवडलं तर डिस्प्लेवर डीएसडी दिसतं, पण फूबारचा व्हॉल्यूम थोडा खाली आणला की गाणं जाऊन नुसती खरखर उरते. एसएसीडी लावली तर डिस्प्ले ४४.१च्या वर जातच नाही. अँड्रॉइड फोनला यूएसबी-सी डाँगल लावून तीच १९२ची फाइल वाजवली तर ती १९२लाच वाजते का हे कळत नाही, कारण डाँगलला डिस्प्ले नाही.

यात बिघाड कुठला आणि अपेक्षित वागणं कुठलं? चिप डीएसडी थेट वाजवते की आतल्या आत बदलून? पुढची खरेदी कुठल्या फॉरमॅटमध्ये करावी? आणि नाट्यसंगीताच्या काही एलपी आणि कॅसेट डिजिटल करायच्या आहेत, त्या डीएसडीत कराव्यात का?

शून्यएक

लक्षणं नेमकी लिहिलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. यातलं एकही बिघाडाचं नाही. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी फाइलचं रूपांतर करतंय, आणि ते कोण करतंय हे शोधलं की सगळ्याचा उलगडा होतो. सेटिंगचं इतर लोक सांगतीलच, मी फॉरमॅट आणि चिपबद्दल लिहितो.

पीसीएममध्ये, म्हणजे सीडी आणि फ्लॅकच्या पद्धतीत, ठरावीक अंतराने लाटेची उंची मोजून आकडा लिहितात. २४/१९२ म्हणजे सेकंदाला १,९२,००० आकडे, प्रत्येक २४ बिटांचा. डीएसडी६४मध्ये सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे ४४,१००च्या ६४ पट, फक्त एक किंवा शून्य लिहिलं जातं. लाट चढते तिथे एकांची दाटी होते, उतरते तिथे शून्यांची. १९९९ साली सोनी आणि फिलिप्सने आणलेली एसएसीडी याच पद्धतीवर चालते.

एका बिटात मुळात आठ डेसिबलचंही सिग्नल-टू-नॉइज मिळत नाही. तरी डीएसडी६४ ऐकू येणाऱ्या पट्ट्यात १२० डेसिबलच्या आसपास जाते ती नॉइज शेपिंगमुळे. मोजणीतली चूक नाहीशी होत नाही, ती २० किलोहर्ट्झच्या वर ढकलली जाते. डीएसडी६४चा स्पेक्ट्रम काढलात तर साधारण २५ किलोहर्ट्झपासून पुढे गोंगाटाचा डोंगर चढत गेलेला दिसेल. जाहिरातीत ‘१०० किलोहर्ट्झपर्यंत’ असं लिहितात तेव्हा हा डोंगर आठवावा. तिथे संगीतापेक्षा गोंगाटच जास्त असतो. म्हणूनच एसएसीडी प्लेअरमध्ये ५० किलोहर्ट्झच्या आसपास ॲनालॉग फिल्टर ठेवतात. डीएसडी१२८मध्ये तोच डोंगर सुमारे एक सप्तक वर सरकतो, म्हणून फिल्टर सौम्य ठेवता येतो. डीएसडी६४पेक्षा १२८ किंवा २५६चा खरा फायदा तेवढाच, पण तो खरा आहे.

आता चिप. आजच्या बहुतेक डॅक चिप सिग्मा-डेल्टा प्रकारच्या आहेत, त्यामुळे तुमची २४/१९२ फाइलसुद्धा आत गेल्यावर २४ बिटांची राहत नाही. आधी डिजिटल फिल्टर तिचा सॅम्पल रेट कित्येक पट वाढवतो, मग मॉड्युलेटर तिला मेगाहर्ट्झमधल्या वेगाच्या मोजक्या बिटांत आणतो, आणि ते बिट छोटे कपॅसिटर किंवा करंट सोर्स चालू-बंद करतात. दोन्ही फॉरमॅटचा शेवटचा टप्पा सारखाच. डीएसडी या वाटेत मध्येच कुठे शिरते, एवढाच प्रश्न उरतो.

एकेएमच्या एके४४९०, ४४९३, ४४९७ या चिपमध्ये डीएसडीला दोन वाटा आहेत. नेहमीच्या वाटेत डीएसडी आधी डिजिटल व्हॉल्यूममधून जाते. व्हॉल्यूमने गुणलं की एका बिटाचे अनेक बिट होतात, ते परत मॉड्युलेटरमधून खाली आणावे लागतात. दुसरी वाट बायपासची: बिटांचा प्रवाह सरळ शेवटच्या स्विच्ड-कपॅसिटर फिल्टरकडे. ही वाट निवडायची की नाही हे डॅक बनवणारा आपल्या फर्मवेअरमध्ये (डॅकच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ठरवतो. कुठे मेनूत ‘डीएसडी डायरेक्ट’ असा पर्याय असतो, कुठे नसतो. ओळखायची साधी युक्ती: डॅकचा स्वतःचा डिजिटल व्हॉल्यूम डीएसडी वाजताना काम करत असेल तर बायपास चालू नाही. मात्र ती नॉब ॲनालॉग असेल तर या चाचणीचा उपयोग नाही.

ईएसएसच्या सेबर चिपमध्ये डीएसडीलाही व्हॉल्यूम लागतो, म्हणजे ती मॉड्युलेटरमधूनच जाते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बर-ब्राउन घराण्यातल्या पीसीएम१७९५ सारख्या चिप डीएसडी आल्यावर ॲनालॉग एफआयआर फिल्टर लावतात, म्हणजे एकामागोमाग एक आलेल्या बिटांची भारित बेरीज थेट करंटमध्ये. आणि रेझिस्टरच्या शिडीचे आर-टू-आर डॅक? शिडीला आकडे लागतात, एकच बिट घेऊन ती काही करू शकत नाही. त्यामुळे तिथे डीएसडीसाठी रेझिस्टरची वेगळी रांग लावतात, नाहीतर आधी पीसीएम करतात. ‘डीएसडी५१२ सपोर्ट’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ इनपुट तो प्रवाह स्वीकारतं एवढाच.

कोॲक्स७५

आता सेटिंग.

डिस्प्लेवर ८८.२ येतं कारण फूबारचा एसएसीडी डिकोडर फाइल पीसीएम करून पाठवतोय. २८,२२,४००ला ३२ने भागलं की ८८,२००. डिकोडरच्या पानावर आउटपुट मोड आहे, तिथे पीसीएमऐवजी डीएसडी करा आणि आउटपुट डिव्हाइस म्हणून डॅकचा एसिओ ड्रायव्हर (विंडोजचा मिक्सर टाळून थेट डॅकशी बोलणारा) निवडा.

खरखरीचं कारण समजण्यासाठी डीओपी काय करतं ते पाहायला हवं. डीओपी म्हणजे डीएसडीने पीसीएमचा वेष घेणं. २४ बिटांच्या प्रत्येक चौकटीत खालच्या १६ जागी डीएसडीचे बिट, वरच्या ८ जागी खुणेचा बाइट: हेक्समध्ये एकदा ०५, पुढच्या चौकटीत एफए, पुन्हा ०५, असं आळीपाळीने. डॅकला ही खूण सलग दिसत राहिली की तो डीएसडीकडे वळतो. व्हॉल्यूम ९९ टक्के केला तरी प्रत्येक आकड्याला गुणलं जातं, खूण मोडते, आणि डॅक ते सगळं साधं पीसीएम समजून वाजवतो. खुणेचे आकडे मुद्दाम लहान निवडले आहेत, म्हणून नुसती खरखर येते, स्पीकर फाटेल असा स्फोट होत नाही. इक्वलायझर, रीसॅम्पलर, रिप्लेगेन (गाण्यांची पातळी सारखी करणारी सोय), क्रॉसफेड, विंडोजचा सामायिक मिक्सर, यातलं काहीही मध्ये आलं तरी हेच होणार. त्यामुळे डीएसपीची (आवाजावरच्या प्रक्रियांची) यादी रिकामी, रिप्लेगेन बंद, प्लेअरचा व्हॉल्यूम १००, आउटपुट वासापी एक्स्क्लुझिव्ह (हीही मिक्सर टाळणारी वाट) किंवा एसिओ. आवाज ॲम्प्लिफायरवर कमी-जास्त करा.

१६-१६ बिट नेल्यामुळे डीओपीला डीएसडी६४साठी १७६.४ किलोहर्ट्झची पीसीएम वाट लागते, १२८साठी ३५२.८, २५६साठी ७०५.६. ऑप्टिकलवर बरीच उपकरणं ९६ला अडतात, तिथे डीओपी जाणारच नाही. एसिओवर नेटिव्ह, म्हणजे पीसीएमचा वेष न घेतलेली, डीएसडी पाठवली तर खुणेचा बोजा नसतो, म्हणून त्याच यूएसबी चिपवर डीएसडीचा एक टप्पा वरचा मिळतो. ध्वनीत फरक नाही: डॅकमध्ये खुणा काढून टाकल्यावर उरणारे बिट तेच. मॅकवर नेटिव्ह नाही, डीओपीच. लिनक्सवर कर्नलला तो डॅक ओळखीचा असेल तर नेटिव्ह, नसेल तर डीओपी. लिनक्सवर तपासणं मात्र सगळ्यात सोपं: प्रॉकमधल्या असाउंड फोल्डरात त्या कार्डाखाली एचडब्ल्यू-पॅरम्स नावाची फाइल असते, गाणं वाजत असताना ती उघडली की चालू फॉरमॅट आणि रेट लिहिलेला दिसतो.

एसएसीडी प्लेअरचं ४४.१ बरोबर आहे. कॉपीच्या बंधनामुळे ऑप्टिकल आणि कोॲक्सियलमधून डीएसडी बाहेर सोडत नाहीत. हायब्रिड (सीडी आणि डीएसडी असे दोन थर असलेल्या) चकतीचा सीडी थर वाजत असेल, किंवा प्लेअर स्वतःच खाली उतरवून देत असेल. डीएसडी थर हवा असेल तर प्लेअरचं ॲनालॉग आउटपुट सरळ ॲम्प्लिफायरला द्या. एचडीएमआयमध्ये डीएसडीची सोय २००५च्या १.२ आवृत्तीपासून आहे, पण दोन्ही टोकांना ती असायला हवी आणि प्लेअरच्या मेनूत एचडीएमआय आउटपुट डीएसडीवर हवं.

फोन: अँड्रॉइडचा मिक्सर बहुधा सगळं ४८वर आणतो, आणि ४४.१चं ४८ करताना १४७ला १६० असं अडनिडं गुणोत्तर सोडवावं लागतं. ते टाळायचं तर स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असलेलं प्लेअर ॲप घ्या. अँड्रॉइड १४पासून यंत्रणेतच बिट-परफेक्ट वाट दिली आहे, मात्र ॲपने ती वापरली पाहिजे आणि फोनने ती पुरवली पाहिजे. अशा ॲपमध्ये डाँगलला प्रत्यक्ष कुठला रेट गेला ते माहितीच्या पानावर दिसतं. डाँगल कुठपर्यंत जाऊ शकतो हे पाहायचं तर तो लिनक्सला लावा. त्याच असाउंड फोल्डरात स्ट्रीम० नावाच्या फाइलमध्ये चालणाऱ्या रेटची पूर्ण यादी असते. यादी ९६ला संपत असेल तर तो बहुधा यूएसबी ऑडिओ क्लास १ या जुन्या मानकाचा आहे, त्याच्याकडून १९२ची अपेक्षा नको. आणि ब्लूटूथवर असाल तर हा सगळा विचार सोडून द्या: एलडॅक हा ब्लूटूथ कोडेक सेकंदाला जास्तीत जास्त ९९० किलोबिट नेतो, २४/९६ स्टिरिओला न दाबता ४,६०८ लागतात.

डेसिबल

आवाज कमी येण्याबद्दल. एसएसीडीच्या मानकात शून्य डेसिबल म्हणजे ५० टक्के मॉड्युलेशन. त्याच्या फार वर गेलं की एक बिटाचा मॉड्युलेटर अस्थिर होतो, म्हणून ही मोकळी जागा राखलेली आहे. त्यामुळे डीएसडी पीसीएममध्ये आणली की ती ६ डेसिबल खाली उतरते. फूबारच्या डिकोडरमध्ये पीसीएम व्हॉल्यूम वाढवायची सोय त्यासाठीच आहे.

पण डोळे मिटून +६ करू नका. मानक अधूनमधून शून्याच्या ३.१ डेसिबल वरपर्यंतची शिखरं चालवून घेतं. ती पीसीएममध्ये −२.९वर येतात, त्यात ६ मिळवले की शेंडे छाटले जातात. तबल्याच्या थापेवर आणि झाल्यातल्या चिकारीवर ते आधी ऐकू येईल. +२.५ दिलंत तर मानकात बसणारं रेकॉर्डिंग छाटलं जाणार नाही.

दोन फाइल्सची तुलना करण्याआधी पातळी जुळवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला मोठा आवाज म्हणून कळतच नाही, ‘जास्त जिवंत’ म्हणून कळतो. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा, २०० हर्ट्झची साइन वाजवा (स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचे नसतात), डॅकच्या आरसीए आउटपुटवर मोजा. १ टक्का फरक म्हणजे ०.०९ डेसिबल, त्याच्या आत आणा. हीच साइन डीएसडीतही बनवून वाजवली तर डॅक स्वतः ६ डेसिबलची भरपाई करतो की नाही तेही कळेल.

डॅकबाबत आणखी एक गोष्ट, जी हाय-रेझपेक्षा (सीडीहून जास्त रेटच्या फाइलपेक्षा) साध्या सीडीला जास्त लागू आहे. मोठ्या आवाजात मास्टर केलेल्या ४४.१च्या फाइलमध्ये दोन आकड्यांच्या मधली लाट शून्य डेसिबलच्या वर जाऊ शकते. सॅम्पल रेटच्या चौथ्या हिश्शाची साइन ४५ अंशाच्या फेजने घेतली तर तिचं शिखर आकड्यांपेक्षा ३ डेसिबल वर असतं. डॅकचा ओव्हरसॅम्पलिंग फिल्टर ती लाट पूर्ण करायला जातो, वर जागा नसते, तिथे छाटणी होते. काही डॅक आत ३-३.५ डेसिबल मोकळे ठेवतात, बरेच ठेवत नाहीत. पीसीएमसाठी प्लेअरचा व्हॉल्यूम −३ वर ठेवला की काम झालं. २४ बिटांच्या वाटेत १६ बिटांच्या फाइलखाली ४८ डेसिबल जागा असते, त्यामुळे नुकसान काही नाही.

बंदिश

तांत्रिक माहिती उत्तम. तरी एक म्हणायचं आहे. डीएसडी मुळात ॲनालॉगच्या जवळची आहे, प्रवाह सलग असतो, पायऱ्या नसतात. मींड आणि सुरांमधली जागा डीएसडीत जास्त ओघवती वाटते. एकाच रेकॉर्डिंगचे दोन्ही फॉरमॅट मिळत असतील तर डीएसडीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

शून्यएक

@बंदिश, ऐकण्यातली आवड तुमची आहे, त्यावर वाद नाही. कारणमीमांसेवर मात्र आहे.

पीसीएमच्या ‘पायऱ्या’ डॅकच्या बाहेर येत नाहीत. फिल्टरनंतर २० किलोहर्ट्झपर्यंतची लाट पूर्ण गुळगुळीत असते, ऑसिलोस्कोप लावून पाहता येईल. मींड कितीही सूक्ष्म असली तरी तिची मूलभूत वारंवारता काहीशे हर्ट्झची, तिला सेकंदाला ४४,१०० आकडेही भरपूर होतात. गणिताच्या अंगाने उलट डीएसडीलाच एक अडचण आहे. पीसीएमची गोलाई-चूक डिदरने (मुद्दाम मिसळलेल्या बारीक गोंगाटाने) पूर्णपणे निरुपद्रवी गोंगाटात बदलता येते. एका बिटाच्या मोजणीत तेवढा डिदर मावतच नाही, मॉड्युलेटर भरून जातो. लिपशिट्झ आणि व्हँडरकॉय यांनी २००१मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे हेच मांडलं होतं. चांगले मॉड्युलेटर ही चूक ऐकू येणार नाही इतकी खाली ठेवतात, म्हणून व्यवहारात बिघडत नाही. पण ‘जास्त शुद्ध’ हा दावा टिकत नाही.

दुसरी गोष्ट संपादनाची. डीएसडीवर नुसता फेड करायचा म्हटलं तरी गुणाकार आला, म्हणजे अनेक बिट आले. त्यासाठीच २४ बिट, ३५२.८ किलोहर्ट्झचं डीएक्सडी वापरात आलं: रेकॉर्डिंग, मिश्रण, दुरुस्ती त्यात, आणि शेवटी विक्रीसाठी डीएसडी. अशा फाइलची डीएसडी आवृत्ती ही पीसीएमची पुढची प्रत असते. थेट डीएसडीत ध्वनिमुद्रण करून जवळजवळ न छेडता दिलेली रेकॉर्डिंग आहेत, छोटे लेबल तसं स्पष्ट लिहितात. तिथे डीएसडी घेणं मलाही पटतं, कारण ती मूळ प्रत आहे. नियम एवढाच धरावा: ज्या फॉरमॅटमध्ये मास्टर बनला तोच विकत घ्या.

कानांचं म्हणाल तर पुरावा दोन्हीकडचा सांगतो. २००७मध्ये मेयर आणि मोरान यांनी एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओच्या आउटपुटमध्ये १६/४४.१चा अडथळा घातला. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. २०१६मध्ये रीस यांनी १८ प्रयोगांतल्या १२,०००हून जास्त चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा ५२.३ टक्के बरोबर निघाल्या. फरक संख्याशास्त्राने खरा, पण बारीक. सराव दिलेल्या श्रोत्यांत तो वाढतो.

स्पेक्ट्रम

विकत घेण्याआधी किंवा घेतल्यावर लगेच फाइल तपासा. १९२ लिहिलंय म्हणून आत १९२ असेलच असं नाही. स्पेक नावाचा फुकट प्रोग्राम आहे, फाइल त्यात टाका. रेषेने कापल्यासारखं सगळं २२ किलोहर्ट्झला संपत असेल तर ती सीडीवरून फुगवलेली आहे. १६ किंवा २० किलोहर्ट्झला कापलेली असेल तर मागे बहुधा एमपी३ आहे. २५ नंतर हळूहळू उजळत जाणारा धुरळा दिसला तर पीसीएम म्हणून विकलेली फाइल मुळात डीएसडी६४ होती. अगदी सरळ आडवी चमकदार रेघ, गाणं चालू-बंद झालं तरी न बदलणारी, ही स्टुडिओतल्या एखाद्या पॉवर सप्लायची किंवा मॉनिटरची देणगी असते, तिचा फॉरमॅटशी संबंध नाही. मात्र जुन्या टेपवरून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये वरचा भाग रिकामा दिसला म्हणून लगेच फसवणूक म्हणू नका; टेपमध्येच तिथे फारसं काही नसतं. खोटी फाइल कापल्यासारखी संपते, टेप हळूहळू विझत जाते.

बिटांचंही तसंच. १६ बिटांना मागे आठ शून्यं जोडून २४ केलेल्या फाइलची फ्लॅक १६ बिटांच्या फ्लॅकएवढीच भरते, कारण फ्लॅक रिकामे बिट ओळखून सोडून देते.

यापेक्षा मोठा फरक मास्टरिंगचा. एकाच अल्बमची सीडी आवृत्ती दाबून मोठी केलेली आणि हाय-रेझ आवृत्ती मोकळी, असं नेहमी होतं. तेव्हा ऐकू येतो तो मास्टरिंगचा फरक, सॅम्पल रेटचा नाही. तो वेगळा काढायचा तर अशी चाचणी करा. तुमची २४/१९२ फाइल सॉक्स या रूपांतराच्या प्रोग्रामने १६/४४.१ करा, रेट बदलताना सगळ्यात उच्च दर्जाचा पर्याय आणि शेवटी डिदर. मग तीच परत २४/१९२ करा. दोन्ही फाइल्स १९२च्या असल्यामुळे डॅक मोड बदलत नाही, रिलेची टकटक होत नाही, फिल्टरही तोच राहतो. आता फूबारच्या एबीएक्स तुलनेत (कुठली फाइल वाजतेय ते लपवून घेतलेल्या चाचणीत) १६ वेळा ओळखा. १२ बरोबर आली तर ते योगायोगाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत आहे.

फरक ऐकू आलाच तर लगेच खूश होऊ नका, आणखी एक तपासा. ३० आणि ३३ किलोहर्ट्झचे दोन सूर एकत्र असलेली ९६ची फाइल बनवा आणि अगदी हळू वाजवा (ट्वीटरला तेवढी ऊर्जा झेपत नाही, आवाज वाढवू नका). शांतता असायला हवी. ३ किलोहर्ट्झची शिट्टी आली तर ॲम्प्लिफायर किंवा ट्वीटर न ऐकू येणाऱ्या सुरांची वजाबाकी करून ऐकू येणारा कचरा बनवतोय. अशा साखळीवर डीएसडी६४चा गोंगाट आणि १९२मधला वरचा भाग प्रत्यक्षात अपाय करतो.

खाडिलकरी

एलपी आणि कॅसेटसाठी २४/९६. आयएएसए या ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ आणि शक्यतो ९६, दोन्हीकडे २४ बिट अशी आहे. डीएसडीत कराल तर टिकटिक काढण्यासाठी शेवटी पीसीएम करावंच लागणार. कॅसेटचा स्वतःचा गोंगाट ५०-५५ डेसिबलच खाली असतो. २४ बिट हवेत ते त्या गोंगाटासाठी नाही, निर्धास्त मोकळी जागा ठेवण्यासाठी. शिखरं −१० डेसिबलच्या आसपास राहू द्या. ९६चा उपयोग असा की ओरखड्याची टिकटिक अत्यंत छोटी आणि टोकदार असते, जास्त सॅम्पल रेटवर ती संगीतापासून वेगळी ओळखू येते.

कॅसेटच्या बाबतीत फॉरमॅटपेक्षा हेडचा कोन शंभर पटीने महत्त्वाचा. डावा-उजवा एकत्र करून मोनोत ऐका, हेडजवळचा स्क्रू केसभर फिरवा, हार्मोनियमची धार आणि ‘स’कार सगळ्यात स्पष्ट होतात तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करायचं. डॉल्बी बी (टेपचा गोंगाट कमी करण्याची पद्धत) कॅसेटवर छापलेलं असेल तरच चालू.

एलपीसाठी फोनो प्रीॲम्पमध्ये आरआयएए सुधारणा (एलपी कापताना बदललेला सुरांचा तोल जागेवर आणणारी) एकदा होते, सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा लावू नका. लॅपटॉप चार्जरवर असताना ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण आली तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. गेली तर ती ग्राउंड लूपची (अर्थिंगच्या दोन वाटांमुळे आलेली) होती. हे आधीच तपासा, कारण गुणगुण तानपुऱ्याखाली लपून राहते आणि आलापातल्या विरामात उघडी पडते, तोवर दोन बाजू रेकॉर्ड झालेल्या असतात. टर्नटेबलवरून आलेली प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवा, गोंगाट काढणं दुसऱ्या प्रतीवर. गोंगाट काढताना सगळ्यात आधी तानपुऱ्याचे वरचे स्वर जातात.

४० मिनिटांची एलपी २४/९६मध्ये न दाबता १.३८ जीबी होते, फ्लॅकमध्ये त्याहून बरीच कमी.

तानपुरा९६

सगळ्यांचे मनापासून आभार. एसिओवर डीएसडी मोड केला, डिस्प्लेवर २.८ आलं. डॅकचा व्हॉल्यूम डीएसडीवरही चालतो, म्हणजे बायपास नाही. स्पेकमध्ये १९२च्या फ्लॅकला २५च्या पुढे तो धुरळा आहे, म्हणजे तीही डीएसडीवरूनच केलेली.

दोन गोष्टी उरल्या. एकाच यादीत डीएसडी आणि पीसीएम असले की गाणं बदलताना ‘टक्’ असा आवाज येतो. आणि डाँगलसाठी डीएसएफचं पीसीएम करून ठेवायचं तर ८८.२ की १७६.४?

कोॲक्स७५

पीसीएममध्ये शांतता म्हणजे सगळे शून्य. डीएसडीत सगळे शून्य म्हणजे पूर्ण उणे टोक, शांतता नव्हे. तिथे शांततेसाठी एक आणि शून्य समसमान लागतात, सहसा हेक्समध्ये ६९ हा नमुना. गाणं संपताना प्लेअरने किंवा ड्रायव्हरने एक क्षण शून्यं सोडली, किंवा डॅकने म्यूट करायच्या आधी मोड बदलला, की ती उडी टक् म्हणून ऐकू येते. डॅकच्या मेनूत म्यूटचा अवधी असेल तर वाढवा, फर्मवेअरची नवी आवृत्ती आहे का पाहा. नाहीतर डीएसडी आणि पीसीएमच्या याद्या वेगळ्या ठेवा. मिश्र यादीच हवी असेल तर डिकोडर परत पीसीएमवर ठेवा. तुमच्या डॅकमध्ये बायपास नसल्यामुळे डीएसडी पाठवून तुम्ही फार काही मिळवत नाही.

डाँगलसाठी २४/८८.२. ४४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं त्यात मावतं, आणि त्याच्या वर डीएसडी६४मध्ये गोंगाटाखेरीज काही नाही. १७६.४ केलंत तर तो गोंगाटही जपावा लागतो, आणि गोंगाट फ्लॅकला दाबता येत नाही, म्हणून फाइल दुपटीच्या जवळ जाते. ९६ किंवा १९२ करू नका, २८,२२,४०० त्यांनी पूर्ण भागत नाही. रूपांतर करताना ३० किलोहर्ट्झच्या आसपास सौम्य लो-पास ठेवा आणि +२.५ डेसिबल द्या. मूळ डीएसएफ मात्र जपून ठेवा. टॅग आणि मुखपृष्ठ त्यातच राहतं, डीएफएफ या डीएसडीच्या दुसऱ्या फाइल-प्रकारात टॅगची नीट सोय नाही.